न धुतलेली फिल्म

मनुष्य मागें जीं घरें, जमिनी व दागिने ठेवून जातो, त्यांची वाटणी कशी करावी हें कायद्यानें ठरवून दिलेलें आहे. आणि कायद्यानें समाधान झालें नाहीं तर भांडून तें ठरवण्याची सोय भाऊबंदांना आहेच. परंतु तो अशाही कांहीं वस्तु ठेवून जातो कीं ज्यांना बाजारांत किंमत नसते, ज्यांवर कोणी हक्क सांगत नाहीं, आणि ज्यांचें काय करावें हें ठरवतांना मात्र वारसाची खरी परीक्षा होते. गेल्या वर्षीं अशी एक वस्तु माझ्या हातीं आली. ती म्हणजे न धुतलेल्या फिल्मचा एक रोल.

वाईचा आमचा जुना वाडा उतरवण्याचें ठरलें, तेव्हां माझ्या थोरल्या काकांची खोली आवरण्याचें काम माझ्याकडे आलें. काका चित्रकलेचे शिक्षक होते. ते अविवाहित व मितभाषी होते, आणि छायाचित्रें काढण्याचा त्यांना मोठा नाद होता. त्यांना जाऊन आतां वीस वर्षें झालीं. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यांत त्यांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता व पांच रोल होते. पांचही रोल वापरलेले होते. कारण चित्रें काढून झालीं म्हणजे रोलावर जी कागदी पट्टी चिकटवतात ती सर्वांवर होती. चार रोलांवर कांहीं लिहिलेलें नव्हतें. पांचव्यावर काकांच्या वळणदार अक्षरांत दोन ओळी होत्या: ‘दिवाळी १९७४. धुवूं नये.’

त्या दिवाळीला आमच्या घराच्या इतिहासांत एक जागा आहे. तिच्यानंतर पंधरा दिवसांच्या आंतच माझे धाकटे काका थोरल्यांशीं भांडून घराबाहेर पडले, ते पुन्हा परत आले नाहींत. भांडण कशावरून झालें हें आम्हां मुलांस कधीं सांगण्यांत आलें नाहीं. मी त्या वेळीं चार वर्षांचा होतों. त्यांचा चेहरा मला आठवत नाहीं. घरांत त्यांचीं शाळकरी वयांतलीं दोन चित्रें आहेत, तरुणपणाचें एकही नाहीं. या दोघां भावांच्या मधली माझी आत्या आज ऐंशी वर्षांची आहे. भाऊबीजेला ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आत्या थोरल्या भावाला ओवाळीत असे, आणि मग तेंच ताट घेऊन अंगणांत जात असे. हें मीं लहानपणापासून पाहिलेलें आहे.

चार रोलांविषयीं मला कसलीच अडचण वाटली नाहीं. कृष्णधवल फिल्म अद्याप हातानें धुणारे एक गृहस्थ पुण्यांत आहेत. त्यांच्याकडे मीं ते दिले. दोन रोल सर्वस्वी काळे निघाले. उरलेल्या दोहोंवर शाळेचें स्नेहसंमेलन, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीच्या देवळाबाहेर बसलेलीं माणसें, असें सारें पुसट कां होईना, पण ओळखूं येण्याजोगें आलें. म्हणजे पांचव्या रोलावरही कांहीं असण्याचा संभव होता. आणि तेथूनच माझ्या अस्वस्थतेला आरंभ झाला. त्यावर कांहींच उरलेलें नाहीं अशी खात्री असती, तर काकांची आज्ञा पाळणें किती सोपें झालें असतें!

या विद्येंत धुण्यापूर्वींच्या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. कळ दाबली कीं क्षणाच्या एका अंशापुरता त्यांवर प्रकाश पडतो, आणि ज्या स्फटिकाला तो पुरेसा लागला त्यांत शुद्ध चांदीचे चार-पांच अणू एकत्र येतात. एवढाच काय तो फरक. डोळ्यांना तो दिसत नाहीं. धुण्याचें रसायन त्या इवल्याशा खुणेवरून सबंध स्फटिकाची चांदी करतें. प्रकाशाचें काम तें कोट्यवधि पटींनीं वाढवतें. मग उरलेले क्षार हायपोच्या पाण्यांत विरघळून गेले कीं चित्र स्थिर होतें. परंतु रोल तसाच ठेवला, तर उष्णतेनें व दमट हवेनें ती खूण हळूहळू विझत जाते. शिवाय धुण्याची संधि एकदांच मिळते. ती फसली तर दुसरी नाहीं. यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. ‘पुढें पाहूं’ असें म्हणून मी डबा कपाटांत ठेवला असता, तर तो निर्णय पुढें ढकलणें झालें नसतें. तो चित्रें नष्ट करण्याचाच निर्णय झाला असता, फक्त त्याची जबाबदारी मीं पावसाळ्यांवर टाकली असती.

अशा प्रसंगीं इतरांनीं काय केलें तें पाहावें, ही आम्हां शिक्षकांची संवय. आन्द्रे हा स्वीडिश अभियंता दोन सोबत्यांसह १८९७ सालीं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरलें, तिघे पायीं चालत राहिले, आणि एका उजाड बेटावर मरण पावले. १९३० सालीं त्यांचे अवशेष सांपडले, तेव्हां त्यांत तेहतीस वर्षें बर्फांत पडलेली फिल्म होती. हर्ट्‌झबर्ग नांवाच्या तज्ज्ञानें स्टॉकहोम येथें ती अत्यंत काळजीनें धुतली व त्र्याण्णव चित्रें वांचवलीं. येथें नीतीचा प्रश्न उद्भवतच नाहीं. त्या माणसांनीं तीं चित्रें जगाला दाखवण्यासाठींच काढलीं होतीं; हर्ट्‌झबर्गनें त्यांचें पत्र उशिरानें कां होईना पोंचवलें.

अमेरिकेंतील गॅरी विनोग्रँड या छायाचित्रकाराची गोष्ट याहून अवघड आहे. तो १९८४ सालीं वारला, तेव्हां त्याच्यामागें सुमारें अडीच हजार रोल न धुतलेले होते. ते धुतले गेले आणि त्यांतील कांहीं चित्रें प्रदर्शनांतही मांडलीं गेलीं. पण कळ दाबणें ही कलावंताची अर्धीच कृति असते. कोणतें चित्र ठेवायचें व कोणतें टाकायचें हें ठरवणें ही दुसरी अर्धी, आणि ती त्याच्या पश्चात् दुसऱ्यांनीं केली. शिकागोची व्हिव्हियन मायर मुलें सांभाळून पोट भरीत असे. तिनें आयुष्यभर चित्रें काढलीं व तीं जवळ जवळ कोणालाच दाखवलीं नाहींत. भाडें थकल्यामुळें तिचें सामान २००७ सालीं लिलावांत निघालें. त्यांत न धुतलेले रोलही पुष्कळ होते. २००९ सालीं ती निधन पावली आणि नंतर जगद्विख्यात झाली. तिचीं चित्रें मींही आवडीनें पाहिलेलीं आहेत. परंतु आपल्याला आनंद झाला एवढ्यावरून तिची संमति होती असें सिद्ध होत नाहीं.

आमच्या काकांनीं तर आपली इच्छा स्पष्ट लिहून ठेवली होती. माझे एक व्यवहारी मित्र म्हणाले, “तुम्ही उगाच खल करतां. रोल खराब झाला असेल, पैसे फुकट जाऊं नयेत म्हणून ‘धुवूं नये’ असें लिहिलें असेल.” हा अर्थ अशक्य नाहीं. पण खराब रोल तीस वर्षें जपून कोण ठेवतो? फिल्म नष्ट करण्यासाठीं आगही लागत नाहीं. पट्टी सोडवून ती क्षणभर उन्हांत धरली कीं सर्व संपलें. काकांना हें माझ्याहून अधिक ठाऊक होतें. त्यांनीं धुण्यास मनाई केली, पण नष्टही केलें नाहीं. त्यांच्या लेखी आज्ञेला त्यांची तीस वर्षांची कृति साक्ष देत नव्हती.

मग मीं त्या दोन शब्दांकडेच पुन्हा पाहिलें. मराठींतील ‘नये’ हें क्रियापद मोठें विलक्षण आहे. त्याच्याशीं कर्ता सांगावाच लागत नाहीं. मीं धुवूं नये, पुतण्यानें धुवूं नये, कोणींच धुवूं नये, यांपैकीं काय समजावें तें वाचणाऱ्यानें ठरवायचें. मृताची आज्ञा पाळावी हें मला मान्य आहे; पण आज्ञा कोणाला केलेली आहे हें तरी अगोदर कळलें पाहिजे.

आणखीही एक विचार मनांत आला. पत्र किंवा रोजनिशी ही लिहिणाऱ्या एकट्याची असते. छायाचित्राचें तसें नाहीं. त्यांत काढणारा असतो तसा ज्याचें काढलें तोही असतो. त्या रोलावर धाकटे काका असतील, तर तें चित्र केवळ थोरल्या काकांचें कसें? आणि धाकट्यांची इच्छा कोणास ठाऊक आहे? ते स्वेच्छेनें गेले. त्यांना कोणीं शोधावें, पाहावें, असें वाटत होतें कीं नव्हतें, हें सांगणारा कोणी नाहीं. हा विचार धुण्याच्या बाजूनेंही बोलतो आणि विरुद्धही बोलतो. मात्र त्यानें एक गोष्ट स्पष्ट झाली: या प्रश्नांत माझा स्वतःचा असा पक्षच नव्हता. मला काय हवें होतें, असें मीं प्रामाणिकपणें स्वतःस विचारलें, तेव्हां उत्तर आलें तें असें कीं, घरांतील एक जुनें रहस्य उलगडावें. याला कुतूहल म्हणतात. आणि कुतूहल हा कांहीं हक्क नव्हे. मृताची इच्छा मोडायची तर ती ज्याचें कांहीं गमावलेलें आहे त्याच्यासाठींच मोडतां येईल. असें मनुष्य घरांत एकच होतें.

मी आत्याकडे गेलों. रोल तिच्या हातांत दिला आणि म्हणालों, “आत्या, काकांच्या ट्रंकेंत हें सांपडलें. त्यावर काय लिहिलें आहे तें बघ. तूं सांगशील तसें करतों.”

तिनें चष्मा लावला, अक्षर पाहिलें, आणि बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “अरे, ही चिठ्ठी दादानें स्वतःला लिहिली आहे. त्याला बघवलें नसतें.” थोड्या वेळानें तिनें रोल माझ्याकडे परत दिला. “मला बघवेल. धुवून आण.”

मीं व्याकरणाच्या आधारानें जेथवर आलों होतों, त्याच्या पुढचें पाऊल तिनें एका वाक्यांत टाकलें. तिचा अर्थ बरोबर असेल, तर थोरल्या काकांची आज्ञा आम्हांस मोडावीच लागली नाहीं. ती त्यांच्याबरोबर संपली होती. पण तो अर्थ चुकीचा असूं शकेल, हें मी विसरूं इच्छीत नाहीं. रोलावर असें कांहीं असेल कीं जें दिसूं नये अशीच त्यांची इच्छा होती, तर त्यांची लाज राखणें हें माझें काम होतें. म्हणून मीं एक मर्यादा घालून घेतली. जिला पाहण्याचा अधिकार आहे तिनें पाहावें. मीं पाहूं नये. येथें कर्ता निश्चित होता.

पुण्याच्या गृहस्थांना मीं सांगितलें कीं, एकेकच प्रत काढा, आणि निगेटिव्हसह पाकीट बंद करून द्या. आठवड्यानें त्यांनीं तें दिलें. “बारांपैकीं सहा आलीं आहेत,” एवढेंच ते म्हणाले. वाईच्या एस. टी. मध्यें तें पाकीट सर्व वेळ माझ्या मांडीवर होतें. तें उघडण्याचा मोह मला झाला नाहीं असें म्हणेन तर वाचक विश्वास ठेवणार नाहींत, आणि ठेवूंही नये.

आत्या पाकीट घेऊन आंतल्या खोलींत गेली व तिनें दार लोटून घेतलें. अर्ध्या तासानें ती बाहेर आली आणि तिनें मला चहा केला. मीं कांहीं विचारलें नाहीं. तिनेंही कांहीं सांगितलें नाहीं. भांडण कशावरून झालें, सहांपैकीं एकांत तरी धाकटे काका आहेत कीं नाहींत, हें मला अद्याप ठाऊक नाहीं. यंदाच्या भाऊबीजेला मी तिच्याकडे होतों. नेहमीप्रमाणें ताट घेऊन ती अंगणांत गेली व तिनें चंद्राला ओवाळलें. या वेळीं मात्र ती तेथें जरा अधिक वेळ उभी राहिली. कीं मलाच तसें वाटलें, कोण जाणे.

तें पाकीट तिनें कोठें ठेवलें आहे हें मीं विचारलेलें नाहीं. तिच्यामागें तें बहुधा माझ्याच हातीं येईल. त्यावर तिनें कांहीं लिहून ठेवलेलें असेल किंवा नसेलही; आणि त्याचें काय करावें हा प्रश्न पुन्हा माझ्यापुढें येईल. त्या वेळीं विचारायला मात्र आत्या नसेल.