पडवीचे छप्पर आणि निष्काम कर्म

गीतेचे वाचन करणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका वारंवार उद्भवते. भगवंतांनी फळाची आसक्ती टाकून कर्म करावयास सांगितले. परंतु फळाकडे पाहावयाचेच नाही, तर कर्म नीट व्हावे म्हणून मनुष्याने झटावे तरी कशासाठी? ज्याला परिणामाची पर्वा नाही, तो हातचे काम कसेबसे उरकील आणि ते बिघडले म्हणजे ‘ईश्वरेच्छा’ असे म्हणून मोकळा होईल. ही शंका केवळ तार्किकांच्या वादापुरती नाही. निष्कामतेच्या नावाखाली आळस आणि अनास्था अनेक घरांत सुखाने नांदत असतात. यास्तव तिचा निर्णय एखाद्या प्रत्यक्ष कर्माच्या आधारे करणे इष्ट होय. आणि त्यासाठी सुताराच्या कर्माइतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. सूत धरून लाकडावर सरळ रेघ आखणारा तो सूत्रधार. हा कारागीर आपल्या ऋषींच्या आणि आचार्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील एका सूक्तात माणसांच्या निरनिराळ्या इच्छांचे वर्णन आहे. तेथे सुतार मोडलेल्या वस्तूची वाट पाहतो, वैद्य रोग्याची, आणि ऋत्विज सोमयाग करणाऱ्या यजमानाची. ऋषींनी स्वतःच्या वर्गालाही त्यातून वगळलेले नाही. कर्माच्या मागे उपजीविकेची इच्छा असते, हे त्यांनी सहज हसत मान्य केले आहे. प्रश्न आहे तो त्या इच्छेने कर्माचा ताबा घ्यावा की नाही, हा.

आता पडवीचे छप्पर घ्यावे. उत्तरेकडे ज्याला ओसारा अथवा बरामदा म्हणतात, तीच कोकणातील घराची पडवी. घराच्या दर्शनी भिंतीला लागून उतरते छप्पर घालून ती केलेली असते. या छपराला आढे नसते. एकच पाखे असते. वाशांचे वरचे टोक भिंतीला बसविलेल्या लाकडावर टेकते आणि खालचे टोक खांबांवर आडव्या ठेवलेल्या तुळईवर. वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. 1865 साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून ती मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र रूढ झाली. एका चौरस मीटरला अशी सुमारे 15 कौले लागतात आणि प्रत्येकाचे वजन दोन ते तीन किलो भरते. म्हणजे सहा मीटर लांब आणि उतारावर अडीच मीटर रुंद अशा साध्या पडवीवरही सव्वादोनशे कौलांचे पाच-सहा क्विंटल ओझे असते. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. कोकणात वर्षाकाठी सरासरी अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत. त्या ओझ्याचा सुमारे अर्धा भार एकट्या तुळईवर येतो.

या कामात डोळ्यांना दिसणारा भाग थोडा आणि झाकला जाणारा भाग फार. रंधा मारलेला खांब सर्वांना दिसतो. खांबाच्या माथ्यावर राखलेले कुसू तुळईच्या पोटातील खाचेत किती घट्ट बसले आहे, हे एकदा जोड बसला की कोणालाच दिसत नाही. लाकडाचेही तसेच. सागाचे आतले तपकिरी लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु सालीखालच्या पांढुरक्या लाकडाला कीड आणि वाळवी लवकर लागते. रंग चढविल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

येथे एक दृष्टान्त कल्पावा. कोकणातील एका सुताराने लाकूड आणि मजुरी मिळून ठराविक रकमेत एका गृहस्थांच्या पडवीचे छप्पर करून देण्याचे पत्करले. मृगाला अकरा दिवस उरले होते. गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री उन्हाळ्या-पावसाळ्यात पडवीतच निजत असत. खांब उभे राहिले होते, ओळंबा लावून पाहिले होते. मधल्या खांबासाठी तुळईच्या पोटात खाच पाडताना सुताराच्या पटाशीखालून सालपे निघण्याऐवजी पिठासारखा भुगा निघू लागला. लाकूड आत पोखरलेले होते. हातभर लांबीचा तो भाग बरोबर खांबाच्या माथ्यावर येणार होता.

हाताखाली काम करणारा मुलगा म्हणाला, ‘बाबा, हा भाग खांबावर बसणार. वर वासे, त्यावर कौले. पाच-सात वर्षे काही होत नाही. कोणाला दिसणार आहे?’

सुतार म्हणाला, ‘आपल्याला दिसले ना?’

तो गृहस्थांकडे गेला आणि म्हणाला, ‘अण्णा, तुळईला कीड आहे. ती बदलावी लागेल.’

गृहस्थ संतापले. ‘मेस्त्री, पाऊस तोंडावर आला आणि आज सांगता? शेजारी आणखी एक खांब द्या आणि कौले चढवा.’

‘खांब वजन पेलील, अण्णा, किडीला अडवणार नाही. आई तेथे निजतात. लाकूड घेताना एका कडेला पांढरा पट्टा मला दिसला होता. स्वस्त पडते म्हणून मी घेतले. चूक माझी आहे. तुळई मी माझ्या खर्चाने आणतो.’

नवी तुळई येऊन बसेपर्यंत आठ दिवस गेले. शेवटच्या दोन ओळींची कौले चढण्यापूर्वीच पहिली सर आली आणि पडवीत ठेवलेले भात भिजले. गृहस्थांनी सुताराला चार शब्द सुनावले, ठरलेल्या रकमेहून एक पैसाही अधिक दिला नाही, आणि पुढे गोठ्याचे काम दुसऱ्याला दिले. सुताराच्या महिन्याभराच्या मिळकतीतले फारसे काही उरले नाही. दृष्टान्त येथेच संपतो. पुढे एखाद्या वादळात शेजारची पडवी पडली व ही राहिली, मग त्या गृहस्थांचे डोळे उघडले, असे काही त्यात घडत नाही. तसे घडले असते, तर सत्याचे फळ अखेर गोडच मिळते एवढाच धडा त्यातून निघाला असता. आणि विचार तर फळ गोड नसतानाच्या कर्माचा आहे.

या प्रसंगी सुतारापुढे तीन वाटा होत्या, आणि त्या तिन्ही गीतेच्या अभ्यासकाने नीट पारखाव्यात.

पहिली वाट मुलाने सुचविली ती. खोट झाकावी आणि पैसे घ्यावेत. हिच्या मुळाशी फळाची आसक्ती आहे हे उघड आहे. अधिक विवेचन नको.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. ‘लाकडात कीड निघाली हे दैव. मी माझे काम केले. छप्पर टिकणे न टिकणे परमेश्वराच्या हाती. मी फळाची चिंता का करू?’ हे बोलणे थेट गीतेतून उतरल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, त्यांच्या निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ आचार्यांनी केला आहे. सुताराचा देह, तो स्वतः, त्याचे डोळे, हात आणि त्यांना जोडून आलेली पटाशी व करवत, त्यांचे चालणे, ही चार कारणे मोजून झाल्यावर दैवाचा क्रमांक लागतो. चार कारणे आपल्या ताब्यात असता त्यांची उणीव पाचव्यावर लोटणे हा त्या श्लोकाचा विपरीत उपयोग होय. लाकडात कीड असणे हे दैव होते. ती दिसल्यानंतरही लाकूड तसेच राहू देणे हे दैव नव्हे. तेथून पुढे ते कर्त्याचे कर्म झाले.

याच अध्यायात कष्टाच्या भयाने केलेल्या त्यागाला राजस म्हटले आहे आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही, असेही स्पष्ट केले आहे. नुकसान व बोलणी टाळण्यासाठी जो परिणामाची चिंता ‘सोडतो’, त्याने फळ सोडलेले नसते, कष्ट सोडलेले असतात. फळ तर त्याने आधीच खिशात घातलेले असते.

तिसरी वाट सज्जनांना मोहात पाडते. खोट सांगावी, नुकसान सोसावे, परंतु त्याचा डंका पिटावा; ‘मी म्हणून असे केले’ हा विचार मनात घोळवीत राहावा, आणि गृहस्थाने आभार मानले नाहीत म्हणून आयुष्यभर कुढावे. येथे पैशाचे फळ सुटले. मानाचे फळ मात्र सुटले नाही. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत आसक्ती नसण्याबरोबरच अहंकाराचे बोल नसणे हेही सांगितले आहे, ते याचसाठी.

मग आरंभीच्या शंकेचे उत्तर काय? ते असे की, कर्माचे प्रयोजन आणि कर्त्याचे फळ या दोन वस्तू भिन्न आहेत. पाणी आत न येणे, ओझे पेलणे, खाली निजणाऱ्याला भय नसणे, हे छपराचे प्रयोजन होय. ते कर्माच्या पोटातच आहे. ते वजा केले तर मागे उरते ते छप्पर नव्हेच, नुसती लाकडे उरतात. पैसा, स्तुती, पुढचे काम ही कर्त्याकडे येणारी फळे. गीता सोडावयास सांगते ती या दुसऱ्या वस्तूची आसक्ती. पहिलीची काळजी सोडावयास ती कोठेही सांगत नाही. उलट तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, अज्ञानी मनुष्य आसक्तीने जितक्या तत्परतेने कर्म करतो, तसेच ज्ञान्यानेही लोकसंग्रहासाठी, आसक्तीवाचून, करावे. तत्परता तीच राहते, फक्त तिचे मूळ बदलते. सात्त्विक कर्ता धैर्याने आणि उत्साहाने युक्त असतो, असे म्हटले आहे. उदासीनता हे त्याचे लक्षण म्हणून कोठेही आलेले नाही. कर्म टाळीत रेंगाळणारा जो दीर्घसूत्री, त्याची गणना तर तामसांत केली आहे.

किंबहुना आसक्ती गेल्यावरच प्रयोजनाकडे नीट लक्ष जाते. लाकूड घेताना तो पांढरा पट्टा सुताराला दिसला होता, परंतु स्वस्ताईच्या लोभाने त्याचे डोळे त्यावरून सरकले. आसक्तीने त्याचे कौशल्य त्या क्षणी मंद केले. खोट पुन्हा दिसली तेव्हा त्याने प्रथम स्वतःचीच चूक कबूल केली, आणि मगच त्याचा हात मोकळा झाला.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाच्या कर्तृत्वाचा विचार करताना सुताराचाच दृष्टान्त घेतला आहे. त्याचे विवरण करताना श्रीशंकराचार्य सांगतात की, हातात वाकस आदी हत्यारे असतात तोवर सुतार कर्ता असतो व श्रमतो. तोच घरी येऊन हत्यारे खाली ठेवतो तेव्हा स्वस्थ व सुखी होतो. तसाच आत्मा उपाधींच्या योगाने कर्ता होतो, स्वभावतः नव्हे. हा दृष्टान्त वेदान्ताचा आहे, परंतु त्याची व्यवहारातील बाजूही मननीय आहे. खोट झाकणारा सुतार घरी येतो खरा, पण हत्यारे खाली ठेवू शकत नाही. प्रत्येक वळवाच्या पावसात, प्रत्येक वादळी रात्री त्याचे मन त्या तुळईखाली जाऊन उभे राहते. ज्याने प्रयोजन पूर्ण केले, त्याची मिळकत कमी झाली, बोलणी खावी लागली. तथापि पाऊस कोसळू लागला म्हणजे तो कूस वळवून झोपी जाऊ शकतो. कर्म बांधीत नाही म्हणतात ते असे.

उरला तो गृहस्थ. या दृष्टान्तात वाचकाने स्वतःला सुताराच्या जागी पाहिले तर उत्तमच; परंतु बहुतेकांची खरी जागा अण्णांची आहे. खरे सांगणाऱ्या कारागिराला बोल लावावेत, त्याचे नुकसान सगळे त्याच्यावरच टाकावे आणि पुढचे काम गोड बोलणाऱ्याला द्यावे, हे घरोघर चालते. ज्याच्या श्रमाच्या छायेत आपली आई निश्चिंत निजते, त्याला काही न देता ती निश्चिंती भोगणे, याला काय म्हणावे? दुसऱ्याने दिलेले भोगून परत काही न देणाऱ्याला गीतेने यज्ञचक्राच्या प्रकरणात सरळ चोर म्हटले आहे. सुतार चुकला होता हे खरे; पण त्याने चूक सांगितली नसती, तर अण्णांना तुळईही मिळाली नसती आणि सावधगिरीही. सत्य बोलणे ही कारागिराची तपश्चर्या असेल, तर ते सत्य त्याला परवडेल असे वागणे हा गृहस्थाचा धर्म होय.

प्रत्येक गृहस्थाश्रमात झाकला जाणारा सांधा असतोच. स्वयंपाक करणारीने डाळ निवडली की नाही, शिक्षकाने वही खरोखर वाचली की नाही, कारकुनाने आकडा ताडून पाहिला की नाही, हे जोड बसल्यावर दिसत नाही. तेथे पाहणारा एक कर्ता स्वतः आणि दुसरा अंतर्यामी. साधकाने दिवस संपताना आपल्या कामातील असा एक झाकलेला सांधा आठवावा. त्यात भुगा दिसला असेल तर दुसऱ्या दिवशी तो उघडून दुरुस्त करावा, लागेल ती बोलणी सोसावीत, आणि मग ते कर्म भगवंतांच्या चरणी ठेवून हत्यारे खाली ठेवावीत.