सूक्ष्म कवचे आणि अनुमानाचे प्रामाण्य

ज्या काळाचा लेख नाही, मोजमाप नाही आणि पाहणाराही कोणी नव्हता, त्या काळाविषयी केलेले विधान कोणत्या आधारावर खरे मानावे, हा प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांची विश्वसनीयता यांचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, मूलभूत प्रश्न आहे. प्राचीन समुद्र आणि हवामान यांचा अभ्यास हा प्रश्न ऐरणीवर आणतो. कारण गेल्या काही लाख वर्षांत हिमयुगे पुन्हा पुन्हा आली आणि ओसरली असे तो ठामपणे सांगतो, आणि त्यासाठी आधार देतो तो मुख्यतः समुद्रतळाच्या गाळातून वेचलेल्या, बहुधा एक मिलिमीटरहूनही लहान असलेल्या कवचांचा.

ही कवचे प्रामुख्याने फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची असतात. त्यांच्या काही जाती वरच्या पाण्यात तरंगतात, पुष्कळशा तळाशी राहतात. बहुतेकांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि जीव मेल्यावर ते गाळात पुरले जाते. खोल समुद्रात हा गाळ हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर साचत असल्यामुळे, जहाजावरून पोकळ नळी तळात रुतवून काढलेल्या काही मीटर लांबीच्या स्तंभात लाखो वर्षांचा क्रम सापडू शकतो. अभ्यासक या स्तंभातील गाळ बारीक चाळणीवर धुतात, उरलेले कण वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओलसर कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून जातीनुसार वेगळे ठेवतात. एका नमुन्यातील जातींचे प्रमाण ठरवण्यासाठी निदान तीनशे कवचे मोजण्याचा प्रघात आहे.

या कवचांना प्राचीन काळाचे साक्षीदार म्हणण्याची पद्धत असली, तरी प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने ते वर्णन सैल आहे. साक्ष हे शब्दप्रमाण होय आणि ते आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या, वचनावर उभे असते. कवच मात्र काही सांगत नाही. ते लिंग आहे, म्हणजे जिच्यावरून न दिसणारी गोष्ट जाणता येते अशी खूण आहे. आणि खूण व ती जिची आहे ती गोष्ट यांतील नियत संबंध, ज्याला व्याप्ती म्हणतात, तो जेवढा पक्का तेवढेच त्यावर आधारलेले अनुमान पक्के.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कारणावरून कार्य जाणणे ते पूर्ववत् आणि कार्यावरून कारण जाणणे ते शेषवत्, असे वात्स्यायनाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात एक स्पष्टीकरण येते, आणि शेषवत् अनुमानाचे उदाहरण म्हणून भरून वेगाने वाहणारी नदी पाहून वरच्या भागात पाऊस झाल्याचे जाणणे हे दिले जाते. सूत्रकार या उदाहरणावरचा आक्षेपही टाळत नाहीत. पाणी कोठे अडल्यानेही नदी फुगते, मग फुगलेल्या नदीवरून पाऊस कसा ठरवावा? यावरचे उत्तर असे की, अडवल्यामुळे फुगलेले पाणी आणि पावसाने आलेला पूर या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुराच्या पाण्याला वेग असतो, त्यावर फेस असतो, त्यातून फळे, पाने आणि लाकडे वाहत येतात, आणि अनुमान या सर्व विशेषांसह दिसणाऱ्या पुरावरून करायचे असते. नुसते फुगलेले पाणी हे लिंगच नव्हे. प्राचीन हवामानशास्त्राची सारी वाटचाल या एका उत्तराच्या दिशेने झालेली आहे.

ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. ऑक्सिजनचे १६ वजनाचे अणू विपुल आणि १८ वजनाचे विरळ असतात, आणि पाणी जेवढे थंड तेवढा जड ऑक्सिजन कवचात अधिक प्रमाणात येतो. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या तत्त्वाचा पाया घातला आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये त्याच्या साहाय्याने गाळातील कवचांवरून हिमयुगांतील तापमानाचे चढउतार मांडले. परंतु हिमयुगात आणखी एक गोष्ट घडत असते. हलक्या ऑक्सिजनचे पाणी अधिक सहजपणे वाफ होऊन बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडते आणि मागे उरलेला समुद्रच जड होतो. म्हणजे कवचातील जडपणा थंडीमुळेही वाढतो आणि बर्फाच्या साठ्यामुळेही वाढतो.

न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण धुरासाठी ओल्या सरपणाची अट लागते, आणि ती लक्षात न घेता अग्नीवरून धुराचे अनुमान करणारा फसतो. एमिलियानी यांनी बर्फाचा वाटा विचारात घेतला होता, पण तो लहान मानला. केंब्रिजचे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये तळाशी राहणाऱ्या जातींकडे लक्ष वेधले. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ असल्यामुळे ते आणखी फारसे थंड होऊ शकत नाही. तरीही तळाच्या कवचांतील फरक पृष्ठभागाजवळच्या कवचांतील फरकाच्या जवळपास येतो, तेव्हा त्यातील मोठा वाटा बर्फाचाच असला पाहिजे, असे त्यांनी दाखवले. पुढे कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून तापमान स्वतंत्रपणे काढण्याची रीत रुळली आणि दोन्ही कारणे एकमेकांपासून वेगळी करणे शक्य झाले. येथे शंकेने ज्ञान मोडले नाही. शंकेला नाव मिळाले, तिची परीक्षा झाली आणि ज्ञान अधिक नेमके झाले.

वात्स्यायनाच्या उदाहरणातील पाऊसही या अभ्यासाच्या कक्षेत आला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यांलगत वाहताना वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालचे थंड, पोषक पाणी वर येते. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही, शेवटच्या वेढ्यात सहसा चार फुगीर कप्पे असलेली आणि एरवी थंड समुद्रांत आढळणारी जाती भरभराटीला येते. गाळात तिचे प्रमाण वाढलेले दिसले की त्या काळी वारे जोरकस होते असे अनुमान होते. मात्र हे लिंग वाऱ्याचे आहे, भारतातील पावसाचे नव्हे. वाऱ्याकडून पावसाकडे जाणे हे दुसरे अनुमान आहे आणि त्याला दुसरा आधार हवा. ओमानमधील गुहांत ठिबकणाऱ्या पाण्याने घडलेल्या चुनखडीच्या स्तंभांवरूनही सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या काळात मोसमी पाऊस जोरदार होता आणि पुढे तो ओसरत गेला असे दिसते, तेव्हा सागराची खूण आणि जमिनीची खूण एकमेकींना बळ देतात.

प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप तरीही उरतो. व्याप्ती सर्व काळी आणि सर्व स्थळी टिकते हे कोणी पाहिले, असे ते विचारतात; म्हणजेच आज थंड पाण्यात वाढणारी जाती पन्नास हजार वर्षांपूर्वीही तशीच वागत होती हे कशावरून? नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत या आक्षेपाला दिलेले उत्तर येथे विलक्षण चपखल बसते. दुसऱ्या काळाविषयी शंका घेणारा तो दुसरा काळ आहे असे गृहीत धरतो आणि तो काळ त्याला प्रत्यक्ष दिसत नसल्यामुळे अनुमान त्याने आधीच स्वीकारलेले असते. शंकेलाही मर्यादा असते. माणसाची शंका त्याच्या स्वतःच्या आचरणाशी विसंगत ठरते, तेथे ती थांबते. या विसंगतीला व्याघात म्हणतात. धूर हवा असता अग्नी पेटवणाऱ्याने अग्नी आणि धूर यांच्या संबंधावर शंका घेणे हा असा व्याघात होय.

याचा अर्थ सर्व अनुमाने सारख्याच बळाची असतात असा नव्हे. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात फार मोठ्या प्रमाणावर कार्बन मिसळला, पृथ्वी तापली आणि खोल पाण्यातील फोरॅमिनिफेराच्या अनेक जाती नष्ट झाल्या. दक्षिण अटलांटिकमधील गाळाच्या स्तंभांत त्या ठिकाणी कवचांचा फिकट गाळ एकाएकी संपून गडद तांबूस मातीचा पट्टा लागतो, कारण पाण्याची आम्लता वाढल्याने कवचे विरघळून गेली. त्या काळच्या बहुतेक जाती आज हयात नसल्यामुळे तापमानाच्या आकड्यांत अनिश्चितता अधिक राहते, पण कार्बन वाढला आणि कवचे विरघळली हा क्रम तिच्यामुळे ढळत नाही.

हाच क्रम पुढच्या काळाला लावणे हे पूर्ववत् अनुमान होय, आणि त्यातील कारण, म्हणजे हवेत मिसळणारा कार्बन, आज माणसाच्या हाती आहे. आकाशात ढग दाटलेले पाहून पेरणीची तयारी करणारा समाज अनुमानावरच जगतो. त्याने हवेतील वाढत्या कार्बनचा परिणाम मानण्यासाठी तेवढ्यापुरता प्रत्यक्षाचा हट्ट धरला, तर तो उदयनाचार्यांनी सांगितलेला व्याघातच ठरेल. उपाधी दाखवणाऱ्या शंकेचे स्वागत करणे आणि कृती टाळण्यासाठी पुढे केलेली शंका ओळखून ती बाजूला ठेवणे, हा विवेक प्रमाणशास्त्र शिकवते. आणि जे परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावे लागणार आहेत त्यांच्या बाबतीत तो पाळणे हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.