नुकसान शेतकऱ्याचे, भरपाई जमिनीला

अमेरिकेने 2014 च्या कृषी कायद्यात शेतकऱ्यांना दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम बंद केली आणि तिच्या जागी, इतर योजनांबरोबर, काउंटीच्या पीक-महसुलावर आधारलेले अनुदान आणले. मका आणि सोयाबीनच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पात्र क्षेत्रासाठी हाच पर्याय निवडला गेला. तेव्हाचा हिशेब असा: मागच्या पाच वर्षांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून काउंटीच्या उत्पादनाची आणि देशातल्या भावाची सरासरी काढायची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे आधारभूत महसूल. वर्षाचा महसूल त्याच्या 86 टक्क्यांखाली गेला तर फरक मिळणार, पण आधारभूत महसुलाच्या 10 टक्क्यांपर्यंतच आणि नोंदलेल्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवरच. 2014 साली मक्याचा सरासरी भाव बुशेलला 5.29 डॉलर धरला गेला होता, प्रत्यक्षात मिळाले 3.70. समजा, दोन शेजारच्या काउंट्यांची एकरी सरासरी 160 बुशेल आहे. त्या वर्षी एकीत 170 बुशेल पिकले, दुसरीत 190. पहिलीत एकरी सुमारे 72 डॉलर मिळतील, दुसरीत 21. आता दुसऱ्या काउंटीत गारपिटीने झोपलेले एखादे शेत आणि पहिलीतले भरघोस पिकलेले शेत शेजारी ठेवून पाहा. ज्याचे गेले त्याला 21, ज्याचे पिकले त्याला 72.

एवढ्यावरून काउंटीची सरासरीच चुकीची ठरवणे मला मान्य नाही. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1970 च्या दशकात भारतातल्या पीकविम्यासाठी क्षेत्राचेच माप सुचवले होते. प्रत्येक शेताचे नुकसान मोजायला माणसे पुरत नाहीत आणि सगळ्या परिसराचे उत्पादन एकटा शेतकरी मुद्दाम पाडू शकत नाही, हा त्यामागचा विचार आजही खणखणीत आहे. आपल्याकडे महसूल मंडळावर पीक कापणी प्रयोग होतात ते त्यामुळेच. माझा आक्षेप आहे तो पैसा कोणत्या एकरांवर दिला जातो याला. अमेरिकेत तो यंदाच्या पेऱ्यावर मिळत नाही. पूर्वीच्या पेरणीवरून जमिनीच्या नावे कायम झालेल्या क्षेत्रावर मिळतो. त्या जमिनीत यंदा मका नसला तरी मक्याचे अनुदान येते. देशातली सुमारे 40 टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते. रोख खंड भरणाऱ्या कसणाऱ्यालाच अनुदान द्यावे, असा नियम आहे खरा. पण कोणत्या रानावर किती क्षेत्र नोंदलेले आहे हे मालकाला माहीत असते आणि खंड ठरवताना तो ते धरतोच. शिवाय 2014 च्या पिकाचे पैसे आले 2015 च्या ऑक्टोबरनंतर. खंड मात्र त्याआधीच द्यावा लागला.

गारपिटीसाठी वेगळा पीकविमा आहे, त्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरते, मग काउंटीच्या योजनेकडून ती अपेक्षा कशाला, असे तिचे समर्थक म्हणतात. मुद्दा रास्त आहे. पण मग या योजनेचे काम उरते ते सगळ्यांवर एकदम कोसळणाऱ्या मंदीत आधार देण्याचे, आणि मंदीची झळ बसते ती ज्याने पेरले त्यालाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चालू पेऱ्याशी पैसा जोडला तर लोक बाजार सोडून अनुदानाकडे पाहून पेरतील, आणि जागतिक व्यापाराच्या नियमांतही तो अडचणीचा ठरेल. यंदाचाच पेरा धरला तर ही भीती खरी ठरेल. कसणाऱ्याच्या मागच्या काही वर्षांच्या पेऱ्याची सरासरी धरली तर ती बरीच ओसरते, कारण एका हंगामात पीक बदलून फारसे काही हाती लागत नाही. नव्याने शेतीत उतरणाऱ्याला मात्र पहिल्या वर्षापासून पूर्ण पेरा धरून द्यावा लागेल. ती सवलत महागडी असली तरी द्यावी.

2018 च्या कायद्याने शेजारच्या काउंट्यांमधली विषमता कमी करायला उत्पादनाच्या आकड्यांचा स्रोत बदलला. 2025 च्या कायद्याने हमी 86 वरून 90 टक्के आणि कमाल मर्यादा 10 वरून 12 टक्के केली, तीन कोटी एकरांपर्यंत नवे क्षेत्र नोंदवायलाही वाट दिली. हे नवे क्षेत्रही जमिनीच्याच नावे चढणार, म्हणजे पुढच्या खंडाच्या बोलणीत मालकाचा हात आणखी वर. कोणत्या शेतात कोणी काय पेरले याची माहिती काउंटीच्या कृषी कार्यालयात शेतकरी दरवर्षी स्वतः नोंदवतात. पैसे वाटताना त्याच नोंदी धरायच्या, एवढा बदल संसदेने करायचा आहे.