वर्गातला बहादूर

देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, मालवणच्या बंदरात ट्रॉलरवर नेपाळी खलाशी असतात, बांधकामावर कर्नाटकातले मजूर. त्यांची काही मुलं आपल्याच मुलांच्या बाकावर बसतात. बागेतलं मूल दिवाळीनंतर वर्गात दिसतं आणि आंबा उतरला की गावी जातं. अशाच एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला शाळेच्या व्हरांड्यात मी विचारलं, "नाव काय रे तुझं?" त्याच्याआधी चार पोरं ओरडली, "बहादूर!" त्याचं नाव वेगळंच होतं. ते त्याने सांगितलं, पण मान खाली घालून. शेजारी उभे असलेले सर हसत होते.

पोरांना बोल लावून भागणार नाही. 'भायलो', म्हणजे बाहेरचा, हा शिक्का ती घरच्या ओटीवरच ऐकतात.

आपलीही माणसं कधीकाळी भायलीच होती की! मालवण-वेंगुर्ल्याची किती कुटुंबं मुंबईत लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत राहिली, गिरण्यांत राबली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाप घरी बसलेला, आई खानावळ चालवणारी, आणि मिसरूड फुटू लागलेला मुलगा दिवसभर नाक्यावर. काही टोळ्यांच्या हाती लागले, काही शाळा सोडून मिळेल त्या कामाला जुंपले गेले, काहींना गावी धाडलं, तर इथे ते 'मुंबयवाले' ठरले. संपाचा हिशेब पगार-बोनसात झाला. या मुलांच्या मनाचा हिशेब कुणी मांडला नाही.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के. म्हणून आपण खेड्यातले निर्धास्त, असं समजू नये. बाहेरून आलेलं मूल नव्या भाषेने सहसा खचत नाही, दोन-तीन महिन्यांत ते मालवणीत भांडूही लागतं. खचतं ते अर्ध्या वर्षात सुटणाऱ्या शाळेने, बापाच्या बेभरवशाच्या कामाने आणि मोठ्यांनी काणाडोळा केलेल्या रोजच्या चिडवण्याने. पहिल्या दोन गोष्टी शिक्षकाच्या हातात नाहीत, तिसरी पूर्णपणे आहे.

सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावा. आणि पुढच्या पालकसभेला बागेतल्या आईबापांनाही बोलावणं धाडावं. त्यांना कधी सवड मिळते, ते बागायतदाराला विचारून वेळ ठरवता येईल. बागायतदार तर आपल्याच वाडीतले आहेत.