झोळी उघडी धरा, डबा लपवू नका

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचा विषय जरा अवघड आहे. पण तो घराघरात दडून बसलाय, म्हणून बोलायचं ठरवलं.

मागच्या गुरुवारी आरतीनंतर एक गुरुभगिनी मागे थांबल्या. लेकाच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सुनेला त्यांनी औदुंबराच्या प्रदक्षिणा लावल्या, उपास लावले. पोरगी मुकाट्यानं करत होती. आणि परवा लेकाच्या कपाटात कपड्यांखाली तीन डबे सापडले. वर लिहिलेलं, 'पुरुष हार्मोन वाढवा, शंभर टक्के आयुर्वेदिक.' "म्हणजे शंका त्याला स्वतःचीच होती हो ताई, अन् मी सुनेलाच बोलायलेय," म्हणून रडल्या.

आपण गाणगापूरला जातो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन, मग माधुकरी. साहेब असो की शेतकरी, पाच घरांपुढे झोळी धरतो. झोळी धरली की 'मी'पणा गळतो. मग अनोळखी दारात झोळी धरणारा पुरुष स्वतःच्या बायकोपुढे, डॉक्टरांपुढे दोन शब्द का बोलू शकत नाही?

वनस्पतींना आम्ही नावं ठेवत नाही. अश्वगंधा आपलीच. काही छोट्या अभ्यासांत ती घेणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं दिसलं. एका अभ्यासात साधारण १५ टक्के. पण ते मोजकी माणसं, थोडे आठवडे. गोखरूचं नाव फार, पण निरोगी पुरुषांत त्यानं हे हार्मोन वाढतं असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि ज्येष्ठमध जास्त घेतलं तर ते कमीही होऊ शकतं! अश्वगंधेनं काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

खरी भीती वेगळीच. 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या अशा काही डब्यांत गुपचूप इंग्रजी औषध मिसळलेलं सापडलंय. हृदयविकाराची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचं त्यानं बीपी एकदम कोसळतं. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं, तर शरीर स्वतःचं काम थांबवतं, शुक्राणू घटतात. मुलासाठी घेतलं, अन् मूलच लांबलं! ताकद वाढवतो अशा जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. तरी मोबाईलवर येतातच.

मूल होत नाही अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. म्हणून तपासणी दोघांची, आणि पुरुषाची आधी, कारण ती सोपी. वीर्य तपासणी एका दिवसात होते. हार्मोनसाठी सकाळी उपाशीपोटी रक्त. कमी आलं तर पुन्हा एकदा. मग वैद्यांकडे जा की डॉक्टरांकडे, डबा मात्र दाखवून. आणि झोप! तरुण पोरं आठवडाभर पाचच तास झोपली, तर हे हार्मोन १० ते १५ टक्के घटलेलं आढळलंय. पोटाचा घेर, दारू यांचंही तेच. पहाटेच्या काकड आरतीला यायचं तर रात्री मोबाईल लवकर ठेवावा, यात देवाचंही भलं, देहाचंही.

त्या घरी पुढे काय निघालं ते त्यांच्या घरातच राहू द्या. एवढं सांगतो, सासूबाईंनी सुनेचे उपास सोडवले. तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकलं माझं." आम्हाला तीच खरी गुरुसेवा वाटली.

या गुरुवारी एक संकल्प करूया. मूल नाही म्हणून कुठल्याही सुनेला एकटीला प्रदक्षिणेला पाठवायचं नाही. जायचं तर जोडीनं, औदुंबराकडेही आणि दवाखान्यातही.

आपल्या घरातल्या पुरुषांना हा संदेश नक्की वाचायला द्या.

श्री गुरुदेव दत्त 🌿