सेवेला निघताना पाहुणे होऊन जा



अमेरिका व कॅनडातील कितीतरी धर्मग्रामांतून दर उन्हाळी सुटीत स्वयंसेवकांचे गट मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात जातात. या गटांत पुष्कळदा अख्खी कुटुंबे असतात. आई-वडील आणि शाळा-कॉलेजात शिकणारी त्यांची मुले डोंगराळ भागातील गरीब माया लोकांच्या गावात आठ-दहा दिवस राहतात. कुणी चूल बांधते, कुणी शाळेची भिंत रंगवते, कुणी दवाखान्यात हाताखाली काम करते. रविवारी गावकऱ्यांबरोबर मिस्सा होते आणि पाहुणे परत फिरतात. आपल्यापैकी अनेकांचे नातलग आता त्या देशांत स्थायिक आहेत. असे आमंत्रण उद्या त्यांच्या घरीही येईल.

'किती चांगले काम!' असे आपण चटकन म्हणून जातो. पण जरा थांबून विचार करू या. चार माणसांच्या विमानभाड्याच्या पैशात तिथल्या गवंड्याला कित्येक महिन्यांची मजुरी देता येईल. हा गवंडी चूल बांधण्यात पाहुण्यांपेक्षा नक्कीच तरबेज असतो. मग ही सेवा नेमकी कुणाची? गरिबांची, की आपल्या मनाच्या समाधानाची?

हा प्रश्न एका कॅथलिक धर्मगुरूंनीच फार कठोर शब्दांत विचारला होता. २० एप्रिल १९६८ रोजी फादर इव्हान इलिच यांनी सुटीत सेवेसाठी मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांचे भले तुम्ही कसे करणार? सेवाच करायची असेल तर आपल्या देशातील गरिबांची करा. ते निदान तुमच्या तोंडावर 'आम्हाला तुम्ही नकोत' असे सांगू शकतील. इथे यायचे तर प्रवासी म्हणून या, विद्यार्थी म्हणून या. मदत करायला मात्र येऊ नका.

इलिच यांचे बोलणे झोंबणारे आहे, परंतु त्यात एक खरी गोष्ट आहे. जो नकार देऊ शकत नाही त्याच्यावर केलेले उपकार हे पूर्ण प्रेम नसते. सान्तियागो अतित्लान या माया गावाचेच उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने तिथल्या नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला, त्यात तेरा माणसे मेली. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये वादळी पावसाने डोंगराची दरड कोसळून त्या गावाची पानाबाख ही वस्ती चिखलाखाली गेली. शेकडो लोक गाडले गेले. तेव्हा तेच लष्कर मदतीला आले. पण लोकांनी त्याला परत पाठवले आणि आपल्या हातांनी माती उपसली. इतक्या मोठ्या संकटातही त्या गरीब लोकांनी एक हक्क सोडला नाही : मदत कुणाच्या हातून घ्यायची, हे आम्ही ठरवू.

मग कुणी जाऊच नये का? तसे नाही. त्याच गावाने एका परदेशी माणसाला आपल्या हृदयाशी धरले आहे.

फादर स्टॅनली रॉदर हे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील शेतकऱ्याचे चिरंजीव. लॅटिन जमत नाही म्हणून त्यांना एका सेमिनरीतून घरी परतावे लागले होते. दुसऱ्या सेमिनरीत शिकून ते १९६३ साली धर्मगुरू झाले आणि १९६८ साली सान्तियागो अतित्लानच्या मिशनमध्ये आले. लॅटिनमध्ये अडखळणारे हे फादर तिथे स्पॅनिश शिकले आणि त्याहून अवघड अशी त्झुतुहिल ही गावकऱ्यांची माया भाषाही शिकले. ते शेतात राबत, लोकांच्या घरी बसून जेवत. लोकांनी त्यांना आपल्या भाषेतले नाव दिले : 'पाद्रे आप्लास', म्हणजे फादर फ्रान्सिस. यादवी युद्धाच्या काळात त्यांचे नाव मारायच्या माणसांच्या यादीत आले, तेव्हा जानेवारी १९८१ मध्ये ते मायदेशी गेले. पण आपल्या लोकांना सोडून राहणे त्यांना जमले नाही. पवित्र सप्ताहासाठी ते परत आले. २८ जुलै १९८१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांच्या राहत्या जागेत त्यांची हत्या झाली. ते ४६ वर्षांचे होते. त्यांचा देह ओक्लाहोमाला नेण्यात आला, परंतु गावकऱ्यांनी त्यांचे हृदय मागून घेतले. ते आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. २३ सप्टेंबर २०१७ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

फादर रॉदर तेरा वर्षे राहिले आणि कुटुंब आठ दिवस राहते, एवढाच फरक आहे असे कुणी म्हणेल. मला तो फरक दिवसांचा वाटत नाही. फादर तिथे गेल्यावर आधी विद्यार्थी झाले, पाहुणे झाले. त्यांना शिकवणारे, जेवू घालणारे, नाव देणारे ते गावकरी होते. त्यांनी आधी घेतले, मग दिले.

प्रभू येशूची रीतही हीच आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, तो प्रसंग आठवा. सोबत पैशांची थैली नाही, झोळी नाही, पायताणेही नाहीत. ज्या घरात स्वागत होईल तिथेच राहायचे, पुढ्यात येईल ते खायचे. ज्यांना सुवार्ता द्यायची, त्यांच्याच भाकरीवर अवलंबून राहायचे! प्रभूला हवे असते तर त्याने शिष्यांच्या हाती धान्याची पोती दिली असती. त्याने त्यांना रिकाम्या हातांनी धाडले, कारण रिकाम्या हाताच्या माणसाला समोरच्याचा दरवाजा ठोठवावा लागतो. याकोबाच्या विहिरीवर प्रभू स्वत: शोमरोनी स्त्रीशी कसा बोलू लागला? आधी पाणी मागून. तिच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात मान्य केले.

माया लोकांजवळ देण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालातील शंभरपैकी सुमारे ४२ लोकांनी आपण माया असल्याचे सांगितले. त्यांच्या वीसहून अधिक भाषा आहेत. मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावण्याची त्यांची पद्धत फार प्राचीन आहे. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि भोपळ्याची पाने जमिनीचा ओलावा धरून ठेवतात. आणि श्रद्धा? स्पॅनिश लोक तिथे १५२४ साली आले. आपल्या वसईत पोर्तुगीजांची सत्ता १५३४ साली सुरू झाली. म्हणजे त्यांची ख्रिस्ती परंपरा आपल्याइतकीच जुनी आहे. आज तिथे सेवेला येणाऱ्यांचा अमेरिका हा देश त्यानंतर अडीचशे वर्षांनी जन्मला.

त्या श्रद्धेची परीक्षाही झाली आहे. १९६० ते १९९६ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात दोन लाखांवर माणसे मेली वा बेपत्ता झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली नोंदवले. ज्या बळींची ओळख पटली त्यांतील शंभरपैकी ८३ माया होते. किचे प्रांतात धर्मगुरू आणि धर्मशिक्षक वेचून मारले गेले. तिथल्या तीन धर्मगुरूंना आणि सात प्रापंचिकांना २३ एप्रिल २०२१ रोजी धन्य घोषित करण्यात आले. त्या सातांपैकी हुआन बार्रेरा मेन्देस हा अवघ्या बारा वर्षांचा होता. सुटीत आई-वडिलांबरोबर येणाऱ्या मुलाच्याच वयाचा! ज्या लोकांनी असा हुतात्मा दिला, त्यांना देव शिकवायला आपण जाणार, की त्यांच्याकडून शिकायला?

आता मुलांविषयी. आई-वडील म्हणतात, 'गरिबी पाहिली की मुलांना आपल्या सुखाची किंमत कळेल.' हेतू वाईट नाही. परंतु त्यात धोका आहे. गरीब माणूस हा आपल्या मुलांच्या अभ्यासाचा धडा नव्हे. त्याच्या चुलीजवळ उभे राहून फोटो काढायचा आणि घरी येऊन 'देवा, आम्हाला तिथे जन्माला घातले नाहीस म्हणून तुझे आभार' असे म्हणायचे, ही प्रार्थना कुणाच्या प्रार्थनेसारखी वाटते? मंदिरात पुढे उभा राहिलेला परुशीही आभारच मानत होता.

मुलांनी खरोखर शिकायचे असेल तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : हे लोक गरीब का आहेत? ते आळशी नाहीत. पहाटे उठून बायका मका दळतात, पुरुष डोंगरउतारावर खणतात. एकोणिसाव्या शतकात १८७० नंतर कॉफीच्या मळ्यांसाठी माया गावांच्या सामाईक जमिनी गेल्या आणि कायदा करून त्यांना मळ्यांवर राबवण्यात आले. १९५२ साली भूमिहीनांना जमीन देण्याचा कायदा झाला. दोनच वर्षांत, १९५४ साली, अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या मदतीने ते सरकार उलथवण्यात आले. त्या देशात २०१४-१५ साली झालेल्या पाहणीत पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुपोषणाने खुंटलेली आढळली. जे मूल हे समजून घेईल, ते नुसते आभार मानून थांबणार नाही. सकाळच्या कॉफीच्या पेल्याकडेही ते वेगळ्या नजरेने पाहील.

याचा अर्थ विटा वाहू नयेत असा नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीचा धूर बायकांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. धुराडे असलेली चूल ही खरी गरज आहे. मात्र ती चूल गावाने मागितलेली असावी, गावच्या गवंड्याला तिची मजुरी मिळावी आणि पाहुण्याने त्याच्या हाताखाली काम करावे. प्रभूने त्याच दहाव्या अध्यायात कामकऱ्याच्या मजुरीची आठवण करून दिली आहे. अतित्लान सरोवराकाठच्याच सान लुकास तोलिमान या गावात फादर ग्रेगरी शॅफर १९६३ पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. तिथल्या मिशनने भूमिहीन कुटुंबांसाठी जमिनी मिळवल्या आणि शेतकऱ्यांची कॉफी योग्य भावाने विकत घेतली. स्वयंसेवक तिथेही येत असत. पण ते नसतानाही काम चालू राही. चांगल्या सेवेची ही एक साधी कसोटी आहे. आपण निघून गेल्यावर काय उरते?

दुसरी कसोटी याहून कठीण आहे. आपण त्यांच्या घरची मक्याची भाकरी खाल्ली का? ती देताना त्या घरी उद्याचा मका कमी पडेल, हे ठाऊक असूनही खाल्ली का? देणे सोपे असते, कारण देणाऱ्याचा हात वर असतो. घेण्यासाठी नम्र व्हावे लागते. प्रभू पाय धुऊ लागला तेव्हा पेत्रही आधी नकोच म्हणाला होता. ज्याने गरिबाच्या हातून काही घेतले, तो त्याचा ऋणी होतो. आणि ऋणी माणूस विसरत नाही. तो पत्र लिहितो, पुन्हा जातो, त्यांच्या बाजूने बोलतो. आठ दिवसांची भेट अशा रीतीने आयुष्यभराचे नाते होऊ शकते.

ग्वाटेमाला आपल्यापासून फार दूर आहे, पण हा प्रश्न दूरचा नाही. नाताळच्या आधी आपणही कपडे आणि फराळाची पाकिटे टेम्पोत घालून आदिवासी पाड्यांवर जातो. तासाभरात वाटप होते, फोटो होतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आपण घरी असतो. पाड्यावरच्या एका माणसाचे तरी नाव आपल्या मुलांना ठाऊक असते का? तिथल्या एखाद्या अंगणात बसून आपण कधी कोरा चहा प्यालो आहोत का?

येत्या नाताळात पाकिटे अवश्य न्या. पण या खेपेस दुपारची घाई ठेवू नका. कुणी 'बसा' म्हणाले तर बसा. मुलांना सांगा, आज आपण या घरचे पाहुणे आहोत. जे पुढ्यात येईल ते आनंदाने खा, आणि निघताना 'पुन्हा या' असे त्यांनी म्हटले तर तो शब्द पाळा.