गुरु, विद्या आणि पदवी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांची कन्या मजकडे आली होती. ती बी. ए. झालेली असून मानसशास्त्र हाच आयुष्याचा व्यवसाय करावयाचा असा तिचा निश्चय आहे; अडचण निराळीच होती. एका नामांकित विद्यापीठांत तिला प्रवेश मिळत होता, परंतु तेथें वर्ग मोठे, आणि अध्यापकांची व विद्यार्थ्यांची खरी ओळख परीक्षेच्या दिवशींच व्हावयाची. उलट, एका लहान गांवच्या महाविद्यालयांत एक प्राध्यापिका होत्या. त्यांचा एक लेख वाचून हिनें त्यांना पत्र लिहिलें, आणि त्यांनीं हिला तीन वेळां बोलावून दोन दोन तास हिच्याशीं चर्चा केली. या व्यवसायांत माणसास काय सोसावें लागतें हेंहि त्यांनींच प्रथम सांगितलें. "काका, माणसाच्या मागें जाऊं कीं नांवाच्या?" असें तिनें मला विचारलें.

उत्तर देण्याची मला घाई झाली होती. गुरूचा महिमा ऐकत आपण लहानाचे मोठे होतों, तेव्हां "माणसाच्या मागें जा" हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. परंतु मला मेरी व्हिटन कॅल्किन्स या अमेरिकन विदुषीचें चरित्र आठवलें, आणि मी थांबलों.

कॅल्किन्सबाई वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत 1887 पासून ग्रीक भाषा शिकवीत. मानसशास्त्र हा विषय तेथें नव्यानें सुरू करावयाचा होता. एक वर्ष त्याचा अभ्यास करून या, म्हणजे तो तुमच्याकडे सोंपवूं, असें त्यांना सांगण्यांत आलें. जवळच हार्वर्ड विद्यापीठ होतें व तेथें विल्यम जेम्स होते. पण हार्वर्डचीं दारें स्त्रियांना बंद. वडिलांनीं अर्ज केला, वेलस्लीच्या अध्यक्षांनींहि शब्द टाकला, आणि अखेर 1890 सालीं बाईंना वर्गांत बसण्याची परवानगी मिळाली. ती मात्र विद्यार्थिनी म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून. त्यांचें नांव विद्यापीठाच्या पटावर चढावयाचें नाहीं, हें आधींच बजावण्यांत आलें होतें.

जेम्स यांच्या त्या वर्गांत आरंभीं आणखी कांहीं विद्यार्थी होते. ते एकेक करून गळाले, आणि उरल्या एकट्या कॅल्किन्सबाई. ज्या ग्रंथावर जेम्स यांनीं बारा वर्षें खर्चिलीं तो 'मानसशास्त्राचीं तत्त्वें' हा द्विखंडात्मक ग्रंथ नुकताच छापून आला होता. ग्रंथालयांतील शेकोटीच्या एका बाजूस जेम्स, दुसऱ्या बाजूस बाई, आणि मध्यें तो ग्रंथ, अशी त्यांची शाळा भरे. आमच्यापैकीं किती जणांच्या वांट्यास असें एक तरी वर्ष आलें असेल? जेम्स यांच्या विचारसाहचर्यावरील प्रकरणांतूनच बाईंचा पहिला निबंध निघाला, व तो 1892 सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरे गुरु क्लार्क विद्यापीठाचे एडमंड सॅनफर्ड. त्यांच्या साहाय्यानें बाईंनीं 1891 सालीं वेलस्लीस प्रयोगशाळा उभी केली. या दोघांनीं स्वतःच्या स्वप्नांचा अभ्यास आरंभिला. गजराचें घड्याळ रात्रीं निरनिराळ्या वेळीं लावावें, जाग येतांच उठावें, आणि आठवेल तें स्वप्न तत्क्षणीं कागदावर उतरवावें. बाईंनीं 55 रात्रींत 205 स्वप्नें नोंदलीं. बहुतेक स्वप्नांत आढळलीं तीं नुकत्याच भेटलेल्या माणसांचीं आणि पाहिलेल्या ठिकाणांचीं रूपें. गूढ असें फारसें हातीं लागलें नाहीं. मला या प्रयोगाच्या निष्कर्षापेक्षां त्याची शिस्त मोलाची वाटते. येथें पाहणारें मन आणि पाहिलें जाणारें मन एकच. स्वप्न क्षुद्र असलें म्हणून त्यास नटवावयाचें नाहीं, लाजिरवाणें असलें म्हणून गाळावयाचें नाहीं. घडलें तेवढेंच लिहावयाचें. मानसशास्त्र शिकणाऱ्यास ही संवय पुस्तकानें लागत नाहीं. ती लावून घेतलेल्या माणसाच्या शेजारीं बसूनच ती लागते.

पुढें बाईंनीं हार्वर्डच्याच प्रयोगशाळेंत म्यून्स्टरबर्ग यांच्या हाताखालीं स्मरणावर प्रयोग केले. 1895 सालीं जेम्सप्रभृति अध्यापकांनीं त्यांची अनधिकृत परीक्षा घेतली आणि पीएच. डी.स लागणारी सर्व पात्रता त्यांच्या ठायीं आहे असा एकमुखी निर्णय दिला. विद्यापीठानें पदवी नाकारली. कारण एकच, त्या स्त्री होत्या.

येथें जेम्स यांच्याविषयीं थोडें कठोर बोलावेसें वाटतें. त्यांनीं बाईंच्या परीक्षेची मनःपूर्वक स्तुति केली, विद्यापीठाच्या नियमाचा त्यांना रागहि आला. परंतु विद्यार्थिनी दाराबाहेर राहिली आणि गुरु आंतच राहिले. त्यांनीं राजीनामा द्यावयास हवा होता असें मी म्हणत नाहीं; तितका त्याग दुसऱ्याकडून मागणें फार सोपें असतें. एवढेंच म्हणतों कीं, शेजारीं बसवून घेणें एका माणसाच्या हातीं असतें, पण जगापुढें उभें करणें त्याच्या एकट्याच्या हातीं नसतें; आणि ही मर्यादा शिष्यास वेळींच सांगणें हा गुरुधर्माचाच भाग आहे. त्या प्राध्यापिकांनीं ती सांगितली आहे काय, हें मी मुलीला विचारलें. तिला तें ठाऊक नव्हतें.

1902 सालीं हार्वर्डशीं संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयानें बाईंना तीच पदवी देऊं केली. अशाच स्थितींतील आणखी तिघी विदुषींनीं ती स्वीकारली. म्यून्स्टरबर्ग यांनीं आग्रह केला. पदवी घेणें आपणांस सोयीचें होईल हें बाईंनीं उत्तरांत मोकळेपणानें कबूल केलें, आणि नकार दिला.

हा अभिमान होता काय? कोणी म्हणेल, आमच्या आनंदीबाई जोशी यांनीं 1886 सालीं एम. डी. ही पदवी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्याच वैद्यकीय महाविद्यालयाची घेतली, त्यांत त्यांना काय उणें आलें? कांहींच नाहीं, कारण आनंदीबाई तेथेंच शिकल्या. कॅल्किन्सबाई रॅडक्लिफला शिकल्या नव्हत्या. त्यांच्या हातीं दिला जाणारा कागद, त्या जेथें शिकल्या नाहींत तें स्थळ सांगणार होता, आणि जेथें शिकल्या तें लपविणार होता. रात्रीं उठून स्वप्नसुद्धां जसेंच्या तसें टिपणाऱ्या बाईला असली नोंद मान्य होणें कठीण होतें. पुढें 1905 सालीं अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेनें त्यांना अध्यक्षपद दिलें; तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. 1930 सालीं त्या वारल्या, तेव्हांहि त्या हार्वर्डच्या पदवीधर नव्हत्या.

इतकें ऐकून ती मुलगी उल्हासानें म्हणाली, "म्हणजे पदवीचें कांहीं अडत नाहीं तर!" मला तिला थांबवावें लागलें. कॅल्किन्सबाईंच्या पायांखालीं वेलस्लीची नोकरी होती, आणि नकाराची झीज त्यांनाच सोसावयाची होती. हिला तर रुग्णांच्या मनोव्याधींवर उपचार करावयाचे आहेत. त्या कामास आपल्याकडे 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव असावें लागतें, आणि त्याकरितां परिषदेनें मानलेलें शिक्षण लागतें. रात्र रात्र झोंप न आलेला मनुष्य दार ठोठावून आंत येतो, त्याला हिची गुरुपरंपरा कशी कळावी? अनोळखी माणसावर विश्वास टाकण्यास त्याच्यापाशीं भिंतीवरील त्या कागदावांचून दुसरा आधार नसतो. अभ्यासकाची पदवी बव्हंशीं त्याच्या मानाची बाब असेल. चिकित्सकाची पदवी रुग्णाच्या हक्काची असते. ती डावलण्याचा मोठेपणा दुसऱ्याच्या खर्चानें करतां येत नाहीं.

"मग मोठ्या विद्यापीठांतच जाऊं म्हणतां?" ती हिरमुसली होऊन म्हणाली. तेंहि मी म्हटलें नाहीं. त्या प्राध्यापिकांना सरळ विचार, असें मी सुचविलें: तुमच्याकडे दोन वर्षें काढून पुढें त्या नोंदवहीपर्यंत वाट जाते काय? जात नसेल, तर मी दुसरीकडे शिकत असतां माझीं टिपणें वाचावयास तुम्ही वेळ द्याल काय? हा दुसरा प्रश्न तिला फार धीटपणाचा वाटला. कॅल्किन्सबाईंना एक वर्ष मिळण्यासाठीं केवढी खटपट करावी लागली याची मीं तिला आठवण दिली.

परवां तिचें पत्र आलें. प्राध्यापिकांनीं पहिल्या प्रश्नास "नाहीं" असें स्पष्ट कळविलें आहे; दुसऱ्यास उत्तर म्हणून, पहिलें टिपण पंधरा दिवसांत पाठव, असें लिहिलें आहे.